देवाच्या वेळेची वाट कशी पाहावी: अनिश्चित काळासाठी व्यावहारिक मार्गदर्शन

नोकरीचा निर्णय लांबला आहे, तपासणीचा अहवाल यायचा आहे, लग्न जमत नाही, मूल होत नाही, दुरावलेला मुलगा फोनसुद्धा उचलत नाही. अशा काळात ख्रिस्ती माणसाच्या कानावर सर्वांत जास्त पडणारे वाक्य म्हणजे "देवाच्या वेळेची वाट पाहा". वाक्य खरे आहे, परंतु ते ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. हे मार्गदर्शन त्या सकाळसाठी आहे. देवाची वेळ आधीच ओळखण्याचे सूत्र यात मिळणार नाही, कारण तसे सूत्र पवित्र शास्त्रातच नाही. पुनरुत्थित प्रभूला शिष्यांनी राज्याच्या पुनःस्थापनेची वेळ विचारली, तेव्हा काळ आणि समय पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणे तुमच्याकडे नाही, असे उत्तर त्यांना मिळाले (प्रेषितांची कृत्ये १:७), आणि लगेच पुढच्या वचनात त्यांना करायचे काम सांगितले गेले. तारीख देवाकडे आणि आजचे काम आपल्याकडे, ही वाटणी ज्याला मनापासून मान्य झाली त्याला वाट पाहणे बरेचसे साधले, असे माझे मत आहे. पुढचे सारे त्या वाटणीविषयीच आहे.

देवाचे अभिवचन आणि आपली मुदत वेगळी करा

एक कोरा कागद घेऊन मधोमध उभी रेघ ओढा. डाव्या बाजूला देवाने आपल्या वचनात जे स्पष्टपणे देऊ केले आहे ते संदर्भासह लिहा, आणि उजव्या बाजूला आपण ज्याची आशा धरून आहोत ते, मनात ठरवलेल्या मुदतीसह लिहा. डावीकडे कदाचित असे लिहिले जाईल: तो मला सोडणार नाही व टाकणार नाही (इब्री १३:५), ज्ञान उणे असेल त्याने मागावे आणि त्याला ते मिळेल (याकोब १:५), काहीच माझे त्याच्या प्रीतीपासून विभाजन करू शकणार नाही (रोम ८:३८-३९). उजवीकडे मग येईल: या वर्षअखेरपर्यंत नोकरी लागेल, तिशीच्या आत लग्न होईल, शस्त्रक्रियेनंतर वडील पूर्वीसारखे चालू लागतील. उजव्या बाजूच्या इच्छांत गैर काहीच नाही, आणि त्या देवाकडे मोकळेपणाने व वारंवार मागाव्यात. अडचण होते ती त्या इच्छा आपल्याही नकळत रेघ ओलांडून डावीकडे सरकतात तेव्हा. कारण मग मुदत टळली की आपली अपेक्षा फोल ठरली असे न वाटता देवानेच शब्द फिरवला असे वाटू लागते, आणि नोकरीबरोबर विश्वासही डळमळतो.

ही सरमिसळ किती जुनी आहे, ते यिर्मयाच्या पुस्तकाच्या २८ व्या आणि २९ व्या अध्यायांत दिसते. यरुशलेमेतून काही लोकांना बाबेलास धरून नेले होते आणि ते कधी परततील याची सर्वांना तळमळ लागली होती. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष सांगितले की, दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल आणि मंदिरातून नेलेली पात्रे व नेलेली माणसे परत येतील. यिर्मयाने त्यावर "आमेन, परमेश्वर असेच करो" अशा अर्थाचे उद्गार काढले. म्हणजे लवकर सुटका व्हावी ही इच्छा त्यालाही होती. परंतु ती मुदत देवाने दिलेली नव्हती. पुढच्याच अध्यायात यिर्मयाने बाबेलातील लोकांना पाठवलेले पत्र आहे, त्यात सत्तर वर्षांचा काळ सांगितला होता. आपल्याविषयी देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे अनेकांच्या भिंतीवर टांगलेले वचन (२९:११) त्या सत्तर वर्षांच्या उल्लेखाला अगदी लागून येते, आणि पत्र प्रथम ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण परतीचा दिवस पाहायला हयात राहणार नव्हते. भिंतीवर दहावे वचनही लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे. त्याने अकराव्याचे मोल कमी होत नाही. देवाचे हित आपल्या मुदतीपेक्षा मोठे असू शकते, एवढे मात्र समजते.

कागद तयार झाल्यावर प्रार्थना दोन प्रकारे करावी. डाव्या बाजूच्या ओळी घेऊन "तू हे म्हटले आहेस" असे म्हणावे, आणि उजव्या बाजूच्या ओळी घेऊन "मला हे हवे आहे" असे म्हणावे. दोन्ही वाक्ये प्रामाणिक आहेत. त्यांची अदलाबदल होऊ नये, इतकेच. प्रार्थनासभेत कोणी तुमच्यासाठी तारखेसह भाकीत केले, तर ते प्रेमाने ऐकून घ्यावे आणि उजव्या बाजूलाच लिहावे.

तक्रार देवापुढेच करा

वाट पाहणाऱ्याने सदैव हसतमुख राहिले पाहिजे, अशी एक समजूत मंडळ्यांमध्ये रुजलेली दिसते. स्तोत्रसंहितेला ती मान्य नाही. तेरावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे आणि त्यातील पहिल्या दोन वचनांत दावीद "कोठवर" हा प्रश्न चार वेळा विचारतो. हबक्कूकाचे पुस्तकही अशाच प्रश्नाने सुरू होते. दिवस फारच जड गेला असेल तर हे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि मग त्याच घाटात स्वतःची चार वाक्ये लिहावीत: कोठवर हा घरमालक मला टोलवत राहणार, कोठवर मी रात्री दोन वाजता जागी होणार. उपमा नकोत, खरी नावे आणि खऱ्या गोष्टी लिहाव्यात. स्तोत्राचा शेवट भरवशाने होतो म्हणून आपणही त्याच बैठकीत भरवशापर्यंत पोहोचलेच पाहिजे, असा आग्रह नको. काही दिवस पहिल्या दोन वचनांवरच थांबावे लागते. जो देवाजवळ तक्रार करतो तो अजून देवाशी बोलतो आहे, हे लक्षात असू द्यावे.

आज हातात असलेले काम करा

वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे सगळेच म्हणतात. पण मग हातांनी काय करायचे, हे नहेम्याकडून शिकावे. तो शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा कोट पडला आहे आणि वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्याला किसलेव महिन्यात समजली. तो रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. राजाशी बोलण्याची संधी मात्र नीसान महिन्यात आली, म्हणजे मध्ये सुमारे चार महिने गेले. या चार महिन्यांत तो रोज राजाच्या दालनात जात असणार, पेला हातात देत असणार आणि काही न बोलता परत येत असणार.

एके दिवशी राजानेच विचारले, तुझा चेहरा उतरलेला का? नहेम्या अत्यंत घाबरला, असे तो स्वतः लिहितो. त्याने कारण सांगितले. मग राजाने विचारले, तुझी मागणी काय आहे? त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. आणि नंतर जे उत्तर त्याने दिले ते पाहण्याजोगे आहे: जाण्याची परवानगी, परत येण्याची ठरावीक मुदत, नदीपलीकडच्या अधिपतींसाठी पत्रे, आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावाने लाकडांसाठी पत्र, तेही कोणत्या वेशींना, कोणत्या कोटाला आणि कोणत्या घराला लाकूड लागेल त्या तपशिलासह. वनरक्षकाचे नाव त्या घटकेला सुचले, असे मला वाटत नाही. शास्त्र तसे स्पष्ट सांगत नाही, परंतु या उत्तरामागे चार महिन्यांची चौकशी आणि आखणी असावी, असे वाचणाऱ्याला जाणवल्यावाचून राहत नाही. पुढे कोट बावन्न दिवसांत पूर्ण झाला (नहेम्या ६:१५).

यावरून करायचे ते असे. ज्या दाराची वाट पाहत आहात ते उद्या सकाळीच उघडले, तर कोणत्या गोष्टी हाताशी लागतील याची यादी करावी. नोकरीची वाट असेल तर प्रमाणपत्रे, अद्ययावत केलेला बायोडेटा, अर्धवट राहिलेले एखादे कौशल्य. लग्नाची असेल तर फेडायचे कर्ज, सोडायची सवय, आईवडिलांशी व्हायचे राहिलेले बोलणे. दुरावलेल्या मुलाची असेल तर तो दारात उभा राहिला की पहिले वाक्य कोणते बोलायचे, आणि कोणते गिळून टाकायचे. या यादीतील एकच गोष्ट एका आठवड्यासाठी निवडावी. यामुळे दार लवकर उघडेल असे वचन मी देऊ शकत नाही, पण चिंतेत जाणारे तास कामात जातात, आणि प्रार्थनेतही "माझे काहीतरी कर" याऐवजी "आज हे करायला बळ दे" असे नेमके मागता येते.

दुसरी गोष्ट, वाट पाहण्याच्या काळाला खरे आयुष्य समजावे. बाबेलातल्या लोकांना परतीचे वचन देणाऱ्या त्याच पत्रात घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा, अशी आज्ञा आहे (२९:५-७). हनन्याचे ऐकून दोन वर्षांत परतायचे म्हणून जो बसला असता, त्याने बाग कशाला लावली असती? "हे एकदा झाले की मग मी मंडळीत सेवा करीन, मग मित्रांना भेटीन, मग नीट झोपेन" असे आपण म्हणत असू, तर त्या "मग"मधली एक गोष्ट या आठवड्यातच सुरू करावी.

येथे एक इशारा आवश्यक आहे. देवाच्या वेळेचे नाव घेऊन आज्ञा आणि विवेक टाळता येत नाहीत. वैद्यकीय उपचार, कर्जाची फेड, मागायची राहिलेली क्षमा यांना देवाच्या वेळेची वाट लागत नाही. त्यांची वेळ आज आहे. आणि घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर "देव योग्य वेळी बदल घडवील, तोवर सोसत राहा" हा सल्ला कोणाच्याही तोंडून आला तरी मानू नये. राजा शौल भाला फेकू लागला तेव्हा राजपदासाठी अभिषेक झालेला दावीदही तेथून निघून गेला होता, आणि त्या पळण्याला कोठेही अविश्वास म्हटलेले नाही.

आडवाट कशी ओळखावी

लांबलेल्या प्रतीक्षेत सर्वांत मोठा धोका हार मानण्याचा नसतो, तर देवाचे काम देवाच्या वतीने आपणच उरकून टाकण्याचा असतो. देवाने संततीचे अभिवचन दिलेला अब्राम पंचाहत्तर वर्षांचा असताना हारानातून निघाला. कनान देशात दहा वर्षे गेली, मूल झाले नाही, आणि त्याची पत्नी साराय हिने आपली दासी हागार त्याला मुलासाठी दिली. हागारेला इश्माएल झाला तेव्हा अब्राम शहाऐंशी वर्षांचा होता, सारायला अभिवचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा शंभर. त्या काळच्या रीतीप्रमाणे सारायची सूचना व्यवहाराला धरूनच होती. तिची किंमत मात्र हागारेने आणि तिच्या मुलाने मोजली, आधी छळ सोसून आणि पुढे घराबाहेर पडून. देव रानात हागारेला भेटला आणि तिचे नाव घेऊन बोलला, हे विसरू नये. आपल्या घाईत चिरडल्या गेलेल्यांचाही तो देव आहे.

याच्या उलट प्रसंग एन-गेदीच्या गुहेतला आहे. दावीदाचा पाठलाग करणारा शौल एकटाच त्याच गुहेत आला, जिच्या आत दावीद आणि त्याची माणसे लपली होती. परिस्थिती अनुकूल होती, आणि सोबत्यांनी तर देवाच्या शब्दाचाच हवाला दिला की, परमेश्वराने सांगितलेला दिवस तो हाच. दावीदाने झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. दार उघडे आहे, मित्र एकमुखाने हो म्हणत आहेत आणि वचनही जुळते आहे, एवढ्यावरून देवाची वेळ आली असे ठरवता येत नाही, हे या प्रसंगाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसते.

म्हणून समोर आलेल्या जवळच्या रस्त्याला दोन प्रश्न विचारावेत. यासाठी देवाने आधीच स्पष्ट सांगितलेले काही मोडावे लागेल काय, म्हणजे खोटे बोलावे, लाच द्यावी, दिलेला शब्द फिरवावा लागेल काय? आणि माझ्या घाईची किंमत दुसऱ्या कोणाला, विशेषतः ज्याला नाही म्हणता येणार नाही अशाला, मोजावी लागेल काय? यांपैकी एकाचेही उत्तर हो असेल तर ती देवाची वेळ नाही, मग संधी कितीही सोनेरी दिसो. दोन्हींचे उत्तर नाही असेल तर तो रस्ता सोपा आहे म्हणून त्याचा संशय धरण्याचे कारण नाही. देव सोप्या वाटांनीही नेतो.

निर्णयाला मुदत असेल तेव्हा

कधी कधी वाट पाहण्याची सवडच नसते. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचे असते. अशा वेळी उपलब्ध दिवसांचा पहिला भाग प्रार्थनेला आणि सल्ल्याला द्यावा आणि निर्णय मुदतीच्या एक दिवस आधी करावा. सल्ला दोघांचा घ्यावा, आणि त्यांतला एक तरी आपल्याला तोंडावर नाही म्हणणारा असावा. मन खचलेले असताना, प्रार्थना कोरडी वाटत असताना, आधी शांत चित्ताने केलेला निश्चय बदलू नये, असा सल्ला १६ व्या शतकात येशूसंघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याने दिला होता, आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे. यरुशलेमेच्या पाडावानंतर घाबरलेल्या लोकांनी यिर्मयाला देवाची इच्छा विचारली, तेव्हा संदेष्ट्यालाही उत्तर दहा दिवसांनी मिळाले (४२:७). रात्रीत उत्तर आले नाही म्हणून आपल्या प्रार्थनेत खोट आहे, असे समजू नये.

इस्राएलाचा शास्ता गिदोन याच्यासारखी लोकर खळ्यात ठेवून देवाकडे खूण मागावी काय, असे पुष्कळांना वाटते. गिदोनाला इस्राएलाची सुटका करण्याची आज्ञा आधीच मिळाली होती. खूण त्याने भीतीपोटी मागितली, आणि देवाने त्याची दुर्बलता सोसली. अशा खुणेची पद्धत करू नये. पौलाचा प्रवास अधिक उपयोगी नमुना आहे: आसियात वचन सांगण्यास मनाई झाली, बिथुनियाला जाऊ दिले गेले नाही, तरी तो आणि सोबती जो रस्ता मोकळा होता त्याने चालत त्रोवसापर्यंत आले, आणि तेथे मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाल्यावर निष्कर्ष सर्वांनी मिळून काढला (प्रेषितांची कृत्ये १६:६-१०). मुदत संपेपर्यंत लख्ख प्रकाश मिळाला नाही, तर शास्त्राला आणि विवेकाला धरून जे योग्य दिसते ते निवडावे आणि प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणून पुढे जावे. एका चुकीच्या अर्जामुळे देवाची योजना कायमची हुकेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

उत्तर वेगळे आले, किंवा आलेच नाही

लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावर येशू होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि तो बेथानीस पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था, मरीया आणि लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती हे योहान आधी सांगतो आणि उशीर त्यानंतर सांगतो, जणू वाचकाने दोन्ही एकत्र धरावेत. "तू येथे असतास तर" असे दोघी बहिणी त्याला म्हणाल्या. त्याने त्यांना दटावले नाही, आणि काय करणार हे ठाऊक असूनही तो रडला, मग त्याने लाजराला कबरेतून जिवंत बाहेर बोलावले. परंतु याच कथेवरून प्रत्येक उशिराचा शेवट उघड्या कबरेत होईल असे कोणाला सांगू नये. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि त्याला कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले, काटा राहिला. विश्वासाने जगलेल्यांची लांब यादी देऊन झाल्यावर इब्रीकरांस पत्र सांगते की, त्या सर्वांना या जगात अभिवचनाप्रमाणे फलप्राप्ती झाली नाही (११:३९). गेथशेमाने बागेत तर देवाच्या पुत्रानेच, येशूने, दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितले होते.

एक प्रसंग मात्र उजवीकडची यादी लिहिणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावा. पुढे मंडळीचा थोर आचार्य झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका मुलाने ख्रिस्ताकडे वळावे म्हणून वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करीत होती. तो उत्तर आफ्रिकेतून रोमला निघाला तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती रात्रभर किनाऱ्यावरच्या प्रार्थनास्थळात विनवीत राहिली, आणि तो तिला फसवून जहाजात बसून निघून गेला. रोमहून तो मिलानला गेला, तेथे त्याने बिशप अँब्रोझचे प्रवचन ऐकले, आणि ३८७ साली ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने पुढे स्वतःच लिहिले की, आई सदैव जे मागत होती ते करण्यासाठी देवाने त्या रात्रीची तिची मागणी नाकारली. हे तो मागे वळून लिहू शकला; त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मोनिकाला यातले काहीच दिसत नव्हते. म्हणून आपल्या उशिराचे कारण आजच शोधून काढण्याचा अट्टहास करू नये. कागदाच्या उजव्या बाजूची एखादी ओळ खोडावी लागली तर ती देवासमोर खोडावी, रडू येत असेल तर रडावे, आणि डावी बाजू पुन्हा एकदा वाचावी.

दुसरा कोणी वाट पाहत असेल तेव्हा

इयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत (इयोब २:१३). त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम ते होते. तोंड उघडल्यावर त्यांनी कारणे द्यायला सुरुवात केली आणि शेवटी देवानेच त्यांना बोल लावला. वाट पाहणाऱ्याच्या घरी जाताना "सर्व काही कारणानेच घडते" किंवा "तुमच्या विश्वासाची परीक्षा चालू आहे" ही वाक्ये घरीच ठेवावीत. रुग्णालयाच्या रांगेत सोबत उभे राहावे, मुलांना दोन तास सांभाळावे, अर्ज भरायला मदत करावी. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारावे, "तुमच्यासाठी नेमके काय मागू?", आणि त्यांनी सांगितले तेच मागावे. महिना उलटल्यावर, बाकीचे विचारायचे थांबलेले असतात तेव्हा, पुन्हा एकदा फोन करावा.